एकोणीस तिरपी नावं

"एकेक बघत बदल गं. सगळं एकदम बदलायचं बटण असतं ना, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. ते बटण आणि तापलेला तवा सारखेच. घाई असते तेव्हाच नेमका हात जातो."

टाइपकाकू आमच्या दारात उभ्या राहून हे सांगत होत्या तेव्हा माझ्या एका हातात ठमी होती आणि दुसऱ्या हातात तिच्यासाठी कुस्करलेलं केळं. मी "हो हो, काकू" म्हटलं. ज्या उत्तरात दोनदा 'हो' असतं त्यात एकदाही 'हो' नसतं, हे मला आता कळतंय.

काकू आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. आयुष्यभर कोर्टात टाइपिंग केलं, म्हणून टाइपकाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि तरी त्या दोन जिने चढून आल्या होत्या, कारण पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नव्हता. रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून आणला होता. ती गाठ सोडायलाच त्यांना दोन मिनिटं लागली.

"यादी आहे आपल्या फोनमंडळाची. अक्षरं बारीक आहेत म्हणून सगळे कुरकुरतात. फोन करणारे तरी कुठे तरणेताठे आहेत! तेवढी मोठी करून दे. बाकी कशाला हात लावू नकोस."

"कॉपी आहे ना तुमच्याकडे?"

"एकच आहे. दोन ठेवल्या की कुठली खरी यावरनं भांडणं."

त्या जिना उतरल्या. एक पायरी, थांबणं, एक पायरी. मी कठड्यावरून बघत होते. पडतील की काय याची मला भीती वाटत होती. मला सगळ्याचीच भीती वाटते. ठमी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतोय ना बघते. दुधाचं भांडं टेबलाच्या कडेला असलं तर ते मधे सरकवते, दुसऱ्याच्या घरी असले तरी. नवरा म्हणतो, तुला सरकारने धरणावर बसवायला पाहिजे, पाणी वाढलं की पहिली तुला कळेल. पण त्या दिवशी जे बघायचं होतं ते सोडून मी बाकी सगळं बघितलं.

फोनमंडळ म्हणजे काय ते सांगते. आमच्या गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. सोळा जण मिळून रोज सकाळी नऊ ते दहाच्या मधे त्यांना फोन करतात. उठलात का, चहा झाला का, गोळी घेतली का. एकेकाच्या वाट्याला तेरा माणसं. सोळा तेरं दोनशे आठ. दर तीन महिन्यांनी माणसं बदलतात, म्हणजे काकूंच्या भाषेत, कुणाला कुणाचा कंटाळा येत नाही. यादीचा कागद प्रत्येकाच्या घरी फोनशेजारी भिंतीवर चिकटवलेला असतो. त्यामुळे त्यावर ना खरं नाव, ना पत्ता. येणारा-जाणारा कुणीही वाचेल, आणि कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे हे भिंतीवर लिहून ठेवणं म्हणजे चोराला किल्लीच देणं. काकू ज्याला जे म्हणतात तेच नाव, पुढे नंबर, आणि दोन शब्दांत ठिकाण. 'शिंपीकाका, शाळेमागे.' 'वरच्या मजल्यावरच्या आई, पुलाजवळ.' पत्ता काकूंनी तोंडी सांगायचा, तोही गरज असेल त्यालाच.

आणि काही नावं तिरपी होती.

तिरप्या नावाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखं तुम्हाला उशिरा कळायला नको. सरळ नावाच्या माणसाने फोन उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिसऱ्या दिवशी काकूंना सांगायचं. माणूस लेकीकडे गेलेला असतो, बाजारात असतो, रुसलेला असतो. तिरप्या नावाच्या माणसाला मात्र ऐकू येत नाही. कानात मशीन घातलं असेल तर उचलेल, नसेल तर नाही. त्याने उचलला नाही की तीन दिवस थांबायचं नाही. चपला घालायच्या आणि त्याच्या घरी जायचं. हे कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, मुद्दामच. 'एकटा आहे आणि बहिरा आहे' याच्याइतकं चोराच्या कामाचं दुसरं काय असणार? म्हणून काकूंनी अक्षरं तिरपी केली होती. फोन करणाऱ्या सोळा जणांना ते ठाऊक होतं. मी सतरावी.

ठमीच्या आधी मी एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचे. तिथल्या साहेबांनी आम्हाला शिकवलं होतं, गरज नसताना अक्षर तिरपं म्हणजे जेवणात केस. काकूंची फाइल उघडली तर मला वाढलेल्या पंगतीत न्हाव्याचं दुकान दिसलं. तीन प्रकारचे फॉन्ट, कुठे बारा तर कुठे साडेदहा, ठिकाणांची शीर्षकं कधी ठळक कधी निळी, शब्दांमधे दोन-दोन जागा. ठमी नुकतीच झोपली होती. तिची दुपारची झोप वीस मिनिटांची असते, घड्याळ लावून बघा. त्या वीस मिनिटांत मी पूर्वीची मी असते.

फाइंड अँड रिप्लेसची खिडकी उघडली. तिच्यात शब्दच शोधावे लागतात असं नाही. वरचा रकाना कोरा ठेवायचा आणि फक्त अक्षराचं रूप सांगायचं, की जे जे निळं असेल ते शोध. खाली सांगायचं, त्याचं काळं कर. दोन जागा सापडतील तिथे एक कर. साडेदहा आणि बारा सापडतील तिथे सोळा कर. शीर्षकं ठळक राहू देत. मी भराभर दाबत गेले आणि फाइल धुतल्यासारखी स्वच्छ होत गेली. शेवटी ती तिरपी नावं उरली. एक इथे, दोन तिथे, काही हिशेब नाही. काकूंचा हात कुठेतरी चुकून बटणावर पडला असणार, असं मला वाटलं.

खरं सांगायचं तर क्षणभर थांबले. फोन करून विचारावं असं मनात आलं. पण काकूंना तेव्हा त्यांची भाची दवाखान्यात घेऊन गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा गुडघा कापणार आहेत त्यांना तिरप्या अक्षरांबद्दल काय विचारायचं! वरचा रकाना कोरा, रूप तिरपं. खालचा रकाना कोरा, रूप तिरपं नको. रिप्लेस ऑल.

पडद्यावर छोटी चौकट आली. एकोणीस ठिकाणी बदल केला.

मी ओके म्हटलं. आतून ठमीने हाक दिली, म्हणजे तिची ती रडण्याआधीची कुरकुर. सेव्ह केलं, फाइल बंद केली, पेन ड्राइव्ह काढून पुन्हा रुमालात बांधला. गाठ काकूंसारखीच मारली, त्याचंही मला कौतुक वाटलं.

मंगळवारी यादी छापून वाटली. वाटप बँकवाले काकांनी केलं. काकूंच्या मागे मंडळाचं सगळं तेच बघतात, बँकेतून रिटायर झालेले, फार कडक. मंडळाचा नियम असा की जुनी यादी हातात दिल्याशिवाय नवी मिळत नाही, आणि जुनी सगळ्यांसमोर फाडायची. काकू असत्या तर त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकले असते. पण त्या नव्हत्या म्हणून बँकवाले काकांनी जास्तच मनावर घेतलं. कात्रीने शेवया केल्या आणि बादलीत भिजवल्या. त्यांनी मला तो लगदा दाखवला होता. "कोण वाचतो बघू!" म्हणाले.

आणि सगळ्यांनी माझी तारीफ केली. "आता कसं, चष्म्याशिवाय दिसतंय," असं एकजणी म्हणाल्या. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

शिंपीकाका गुरुवारी सकाळी न्हाणीघरात पडले. नव्या यादीत ते चित्रकलेच्या बाईंच्या वाट्याला आले होते. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या, फार हळव्या आहेत. त्यांनी गुरुवारी फोन केला, संध्याकाळी केला, शुक्रवारी दोनदा केला. सरळ नाव. नियमाप्रमाणे शनिवारी सांगायचं. शनिवारी सकाळी पेपर टाकणाऱ्याला दारात दोन पेपर तसेच दिसले, म्हणून त्याने शेजाऱ्यांना उठवलं. दार तोडलं तेव्हा काका फरशीवर होते, अंगावर ओला टॉवेल. खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन दिवस ते हाका मारत होते. आपलीच हाक आपल्याला ऐकू येत नसल्याने ती बाहेर जाते की नाही हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून ते नंतर हळूहळू थांबले. हे त्यांनी स्वतःच दवाखान्यात पाटीवर लिहून सांगितलं.

त्या दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे जमले. मी ठमीला घेऊन गेले, कारण मला बोलावलं होतं. बोलावलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"यादीत तिरपं होतं ते नाव!" बँकवाले काका टेबलावर कागद आपटून म्हणाले. "मी मागल्या खेपेला त्यांना फोन करायचो. तिरपं होतं म्हणजे होतं! इथे सरळ कसं?"

"मी काय करू, मला सरळ दिलं," चित्रकलेच्या बाई रडत होत्या. "मी रेषा ओळखणारी बाई आहे हो. तिरपी असती तर मला दिसली नसती का?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. ते वाट बघत होते, मी काहीतरी उलगडून सांगेन म्हणून.

मी सांगितलं. वरचा रकाना कोरा, खालचा रकाना कोरा.

ठमीने तेवढ्यात यादीचा कोपरा तोंडात घातला.

"पण ते परत करता येतं ना?" कुणीतरी विचारलं. "माझा नातू करतो. काहीतरी दाबलं की मागे जातं."

"फाइल बंद केली की मागे जात नाही," मी म्हटलं.

"जुना कागद?"

सगळ्यांनी बँकवाले काकांकडे बघितलं. ते खाली बसले. "एरवी काहीही सांगा, एखादा तरी ऐकत नाही," ते हळूच म्हणाले. "फाडा म्हटलं की माणसं इतकी कशी ऐकतात?"

"एकोणीस होती," मी म्हटलं. "एवढं मला माहीत आहे. मशीनने सांगितलं होतं, एकोणीस ठिकाणी बदल केला."

त्या आकड्याने सगळ्यांना धीर आला. आकडा असला की काम सुरू करता येतं. मागल्या खेपेला आपल्याकडे कोण तिरपं होतं ते ज्याने त्याने आठवायचं ठरलं. पंधरा जणांनी मिळून अकरा नावं काढली. ती पक्की, कारण त्यांच्या घरी ते कधी ना कधी जिने चढून गेले होते. सोळाव्या टाइपकाकू. त्यांनी नेहमीच अवघड माणसं स्वतःकडे ठेवली होती, आणि आता ऑपरेशनमुळे त्यांची तेराही माणसं वाटली गेली होती. उरलेली आठ तिरपी नावं त्यांच्याच तेरांत असणार.

"मग सोपं आहे," बँकवाले काका म्हणाले. "काकूंना विचारायचं."

भूल दिल्यापासून काकू काकू राहिल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, काही दिवस गोंधळ राहतो, कुणाचा आठवडाभर, कुणाचा महिनाभर. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी मला कोर्टातली कुणीतरी समजून "कागद सरळ लाव" असं दटावलं. मग ठमीला बघून एकदम शुद्धीवर आल्यासारख्या झाल्या.

"आलीस का? अक्षरं मोठी केलीस?"

"केली, काकू. काकू, तिरपी नावं कुठली होती ओ? तुमच्याकडची?"

"तिरपी होय." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. पाढे म्हणावेत तसं, नाव आणि ठिकाण, नाव आणि ठिकाण, पत्त्यासकट. भाची लिहून घेत होती. एक, दोन, तीन. मी मनात मोजत होते. सात झाली आणि त्या थांबल्या.

"आणखी एक, काकू."

"झाली की."

"आठ हवीत."

"मग आठ असतील," त्या समजुतीने म्हणाल्या. जणू माझ्यासाठी एखादं जास्त द्यायलाही त्यांची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाल्या, "एक राहिलं बघ. ओठावर आहे नुसतं." तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कसली नावं?" पण बोलत नव्हत्या तेव्हा त्यांची दहाही बोटं चादरीवर चालत होती. टाइप करत होत्या. मी उठून जवळ गेले. तीच तीच हालचाल, पुन्हा पुन्हा, एक ओळ संपली की डावा हात उचलून रोलर सरकवल्यासारखा करायच्या. मी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि जुन्या टाइपिंग क्लासच्या सरांना दाखवलं. त्यांनी ते चार वेळा लावून बघितलं.

"स्पीड छान आहे अजून," ते म्हणाले.

"काय टाइप करतायत?"

"बोटं पहिल्यांदा कुठल्या बटणांवर ठेवलीत ते कळल्याशिवाय कसं सांगणार, बाळ? चादरीवर बटणं कुठायत?"

दरम्यान आम्ही काम करत होतो. असं वाटू नये की नुसती रडत बसले. रविवारी दोनशे आठच्या दोनशे आठ जणांना फोन केले. सापडलेल्या अठरांपैकी शिंपीकाका दवाखान्यातच होते. बाकी सतरा जणांच्या घरी जाऊन आलो. सगळे ठीक होते. एक आजोबा तर आम्हालाच ओरडले, दुपारच्या वेळी कशाला येता, माणूस झोपतो! बाकीच्यांपैकी ज्यांनी फोन उचलला ते त्या दिवसापुरते सुखरूप. न उचलणारे नऊ उरले. चार दिवसांत त्यांतले आठ सापडले. कुणी मुलाकडे, कुणी लग्नाला, एकीचा फोन मांजराने पाडून ठेवला होता.

एक राहिलं. यादीत असं आहे: 'पोस्टातल्या ताई, टाकीजवळ.' पुढे घरच्या फोनचा नंबर. काकूंच्या तेरांतलंच नाव, पण त्यांनी म्हटलेल्या सातांत ते नाही.

रिंग जाते. फोन जिवंत आहे, एवढंच कळतं.

आमच्या गावात पाण्याच्या टाक्या तीन. मी ठमीला बाबागाडीत घालून तिन्ही टाक्यांभोवती फिरले. दारं वाजवली. अर्धी माणसं दार उघडायच्या आधीच आतून म्हणतात, "काही नको आम्हाला." बाबागाडी बघून काही उघडतात. पोस्टातल्या ताई माहीत आहेत का? कोण त्या? नाव काय? नाव माहीत नाही. मग माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर बरोबरच आहे. एकटी बाई कुठे राहते असं विचारत फिरणाऱ्या अनोळखी माणसाला काहीच सांगू नये. काकूंनी सगळ्यांना हेच तर शिकवलं होतं.

पोस्टात गेले. तिथल्या माणसाने बराच वेळ दिला. रिटायर झालेल्या दोघींची घरं सांगितली. दोघी खडखडीत, दोघींना टाचणी पडलेली ऐकू येते. त्यातली एक मला म्हणाली, "तुमच्या यादीत मी का नाही गं? मीही एकटीच असते." मी तिचं नाव लिहून घेतलं. तिसरी एक होती म्हणे, फार वर्षांपूर्वी, काउंटरवर बसायची, ऐकायला कमी यायला लागलं म्हणून आत सॉर्टिंगला घेतली. नाव कुणाला आठवेना. "सगळे ताईच म्हणायचे," तो माणूस म्हणाला.

फोन कंपनी नंबरावरून पत्ता देत नाही. पोलिसांनी अर्ज घेतला. "गावाला गेल्या असतील," ते म्हणाले. असतीलही.

नवऱ्याने एका संध्याकाळी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्याचा आवाज ठमीला ताप असताना असतो तसा होता.

"हे बघ. मी इथे नुसती एक रिकामी जागा तिरपी केली. अक्षर नाही, काही नाही. आता रिप्लेस ऑल दाब."

मी दाबलं. एका ठिकाणी बदल केला.

"बघितलंस? रिकाम्या जागेलाही ते एक मोजतं. आणि दोन शब्दांचं नाव असेल, मधली जागा सरळ राहिली असेल, तर एकाच माणसाचे दोन मोजतं. तुझा एकोणिसावा माणूस नसेलच गं. काकूंचा हात कुठेतरी स्पेसवर पडला असेल. अठराच असतील. अठरा सापडले."

"आणि ताई?"

"त्या सरळ नावाच्या. ऐकू येणाऱ्या. कुणाकडे तरी गेलेल्या."

मला ते पटवून घ्यायचं होतं. रात्रभर मी ते पटवत होते. सकाळी चहा गाळताना विचारलं, "एखाद्याला तिरपं करायचंच काकूंच्या हातून राहून गेलं असेल तर? मग वीसही असतील ना?"

ठमीला उचलून तो खिडकीत गेला आणि तिला रस्त्यावरच्या गाड्या दाखवायला लागला.

शिंपीकाकांना भेटायला मी एकदा गेले. माफी मागायची होती. पाटीवर काय लिहावं सुचेना. 'तुमचं नाव मी सरळ केलं' हे लिहिलं तर त्यांना काय कळणार? शेवटी 'माझी चूक झाली' एवढंच लिहिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्या कडेवरच्या ठमीच्या झबल्याची उसवलेली शिवण दोन बोटांत धरून बघितली, आणि पाटीवर लिहिलं, 'आत दुहेरी टाका घाल.' मग थकून डोळे मिटले.

आज या सगळ्याला बारा दिवस झाले. काकूंची बोटं आता थांबली आहेत. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे, मेंदूला विश्रांती मिळतेय. त्या मला ओळखतात, ठमीच्या दातांची चौकशी करतात. तिरप्या नावांचं विचारलं की त्यांचा चेहरा इतका कष्टी होतो की भाचीने मला विचारायला बंदी केली आहे. तिचं बरोबर आहे. बँकवाले काकांनी सगळ्यांना नव्या यादीवर हाताने खुणा करायला लावल्या. अठरा खुणा झाल्या. ताईंच्या नावापुढे पेन्सिल नेतात आणि थांबतात.

मी रोज साडेनऊला तो नंबर लावते. रिंग तीस वेळा वाजू देते, मग आपोआप कटते. पुन्हा लावते. ठमी मांडीवर असते, तिला आता तो आवाज पाठ झाला आहे, ती मान हलवते. कुठल्या तरी खोलीत तो फोन वाजतो आहे. भिंतीपलीकडे कुणी असेल तर त्याला तो ऐकू येतच असेल. तिथे असलेल्या माणसाला येत नसेल, पण शेजाऱ्याला येत असेल.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही पाण्याच्या टाकीजवळ राहत असाल, कुठल्याही टाकीजवळ, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास शेजारच्या घरात, वर किंवा खाली, फोन बराच वेळ वाजत असेल आणि कुणी उचलत नसेल, तर वैतागू नका. तो मी करते आहे. कृपा करून उठा आणि जाऊन बघा. बेल वाजवू नका, उपयोग नाही. हाकाही नकोत. दाराशी पेपर साठलेत का, खिडकीत दिवसा दिवा जळतोय का ते आधी बघा. मग दारासमोर जमिनीवर पाय जोरात आपटा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फरशीची थरथर कळते. दोन-तीनदा आपटा आणि थांबा. त्यांना उठून यायला वेळ लागतो, तेवढा द्या. दार उघडलंच नाही तर शेजाऱ्यांना जमवा, पण तसंच परत फिरू नका.

आणि दार उघडलं, तर पोस्टातल्या ताई का, एवढं कागदावर लिहून विचारा. अक्षर मोठं काढा.